मोटरीची आरती

“आक्का, आरती मागं घ्या.”

नागोजी ड्रायव्हर मोटरीच्या उघड्या बॉनेटसमोर दोन्ही हात पसरून उभा होता. माझ्या हातात ताट, ताटात पेटलेलं निरांजन, आणि मागं टिळकवाडीतल्या सात-आठ बायका नटूनथटून खंडेनवमीची पूजा बघायला आलेल्या. आमच्याकडे मोटर आल्यानंतरची ही पहिलीच खंडेनवमी. पाने-पकडी पाटावर मांडून झाल्या होत्या, इंजिनाला हळदकुंकू लावून झालं होतं, झेंडूची माळ चढली होती. ओवाळायचं तेवढं राहिलं होतं.

“बाजूला व्हा नागोजी,” मी म्हणाले.

“लांबनं ओवाळा आक्का. फाटकापाशी उभं ऱ्हावून.”

“फाटकापाशी? मग ओवाळायचं मोटरीला की रस्त्याला?”

बायका हसल्या. मलाही चेव आला. मी त्याच्या हाताखालून ताट पुढं सरकवलं, तसा तो वाकला आणि त्यानं फुंकर मारून निरांजन विझवलं.

पूजेतला दिवा, तोंडाच्या फुंकरीनं. ऐन सणाच्या दिवशी, सवाष्णीच्या हातातला. हसणाऱ्या बायका दोन पावलं मागं सरल्या. शेजारच्या राजाबाईंनी तर तोंडाला पदर लावला आणि कुणाचाही निरोप न घेता चालू लागल्या. त्यांच्या मागोमाग बाकीच्याही गेल्या. परातभर करंज्या तशाच राहिल्या.

मी माहेरची कुरुंदवाडची. आमच्या घराण्यात राग नाकाच्या शेंड्यावर नसतो, तो त्याच्याही पुढं दोन बोटं असतो. कोर्टाला सुट्टी म्हणून आमचे हे आत वर्तमानपत्र वाचत पडले होते. त्यांना मी ओढतच बाहेर आणलं.

“हा माणूस आज या घरात राहणार असेल, तर मी निघाले माहेरी.”

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मोटरीकडे. दोघींपैकी कुणाला सांभाळणं सोपं, याचा हिशेब चालला असावा.

“नागोजी, दिवा का विझवलास?”

“बॅटरी आत्ताच भरून आणलीया साहेब. तिच्याजवळ आग नको.”

“हे तोंडानं सांगता येत नव्हतं?”

“सांगितलं हुतं. लांब ऱ्हावा म्हणून.”

“का ते सांगितलं नाहीस. आणि फुंकर?”

वकिलासमोर गप्प बसणाऱ्याचं जे होतं तेच नागोजीचं झालं. ह्यांनी किल्ली मागितली. त्यानं ती दोन्ही हातांनी दिली आणि म्हणाला, “जातो मी. पर दिवा तितं न्यायचा न्हाय, एवढं ऐका.”

माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. घटकाभरानं मी पूजेचं ताट आणायच्या निमित्तानं मोटरखान्यात गेले. नागोजी गेला नव्हता. डबा पिशवीत घालून तयार होता, पण बॅटरीवर वाकून उभा होता.

“नवा डायवर कसा असंल कुणाला ठावं,” तो माझ्याकडे न बघताच म्हणाला. “तुमी ध्यानात ठेवा. ह्या भोकांतनं आत बघायचं. आतल्या पट्ट्या पाण्यात बुडाल्या पायजेत. नळाचं पाणी घालायचं न्हाय, औषधाच्या दुकानातनं शुद्ध पाणी आणायचं. तारा काढायच्या झाल्या तर मोटरीच्या अंगाला जोडलेली ही तार पैली काढायची आन् लावताना शेवटाला लावायची. न्हाईतर पाना लागून ठिणगी उडती. तारंचं वरचं कापड फाटलेलं दिसलं तर तसंच चालवायचं न्हाय. इंजन तापलं असताना पाण्याचं टोपण उघडायचं न्हाय. उघडलं तर वाफेनं त्वांड भाजतंय.”

हाकलून दिलेला माणूस. माझ्यामुळे हाकललेला. आणि तो मला माझं तोंड भाजू नये म्हणून सांगत बसला होता. मला माझीच लाज वाटली.

“नागोजी, खरं सांगा. माझ्या दिव्यानं काय झालं असतं?”

तो खाली जमिनीवरच बसला.

“निपाणीत एका तंबाकूवाल्याकडं हुतो मी. नऊ वरसं झाली. असाच सण. मालकीणबाई म्हणाल्या, गाडीला पैली आरती डायवरच्या बायकूनं करायची. आमची मनुबाई लाजली. लांबच उभी ऱ्हायली. मीच म्हटलं, अगं जवळ ये, इंजनाला दिसू दे तुझा दिवा. लई मिजास हुती मला गाडीची. बॅटरी तवाच भरून आणलेली. भरल्यावर ती हवा सोडती आक्का. दिसत न्हाय, वास येत न्हाय, पर पेट घेती. दिवा जवळ गेला आन् बॅटरी फुटली. आतलं तेजाब तिच्या दोन्ही डोळ्यांत गेलं.”

मी ताट खाली ठेवलं.

“म्हणून आज...”

“त्ये न्हवं,” तो म्हणाला. “त्ये तर मला ठावं न्हवतं, कुणालाच ठावं न्हवतं. त्येच्या म्होरलं सांगतो. ती वरडत हुती. मी खांद्यावरचं फडकं घेतलं आन् डोळं पुसलं. चोळून पुसलं. पाच पावलांवर आड हुता, काठोकाठ भरलेला. घागरीवर घागर वतायला पायजे हुती डोळ्यांवर. मागनं एका मिस्त्रीनं सांगितलं. लगीच पाणी मारलं असतंस तर एक डोळा तरी वाचला असता म्हणाला.”

“मनुबाईंना ठाऊक आहे हे?”

“न्हाय. ती म्हणती, दिवा माझ्या हातात हुता, चूक माझीच. नऊ वरसं असंच म्हणती. आन् मी ऐकून घेतो.”

मला रडू आवरेना. मी तशीच आत गेले, ह्यांच्या टेबलावरची किल्ली उचलली आणि “कुठं?” या प्रश्नाला उत्तर न देता परत आले.

“मोटर काढा. बेळगुंदीला, तुमच्या घरी जायचंय.”

पूजा झालेल्या मोटरीनं एक फेरी मारायची असतेच. वाटभर दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं होतं. मनुबाईंना सांगा, असं मी म्हणाले नाही. ते सांगायचा अधिकार माझा नव्हता आणि सकाळच्या प्रकारानंतर मला कुणालाच काही सांगायचं धाडस राहिलं नव्हतं.

मनुबाई ओसरीवर बसून चवळीच्या शेंगा सोलत होती. बोटं इतकी चपळ, की शेंग कुठं उघडली ते कळू नये. मोटर थांबली तशी तिनं मान वर केली.

“येळंच्या आदी कसं आलासा? आन् संगं कोण हाय?”

“वकीलसायबांच्या घरच्या आक्का आल्यात,” नागोजी म्हणाला.

तिनं पदर सारखा केला, मला घोंगडी दाखवली, चाचपत आत जाऊन गूळपाणी आणलं. मी तिला सकाळचं सगळं सांगून टाकलं. तुमच्या नवऱ्यानं माझा दिवा विझवला, आणि मी त्यांना घालवून द्यायला निघाले होते.

“फुकून विझिवला?” ती हसली. “झ्याक केलं. तुमी राग धरू नगासा आक्का. माझ्याच हातनं चूक झालती एकदा, तवापास्नं त्येंच्या जिवात जीव नसतोय.”

नागोजी खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, “मने, तुझी चूक न्हाय.”

“बरं बरं.”

“ऐक. फडक्यानं पुसायला नको हुतं मी. पाणी वतायला पायजे हुतं. आड जवळ हुता. तुझं डोळं माझ्या हातनं गेलं.”

मनुबाईनं हातातली शेंग सोलून पुरी केली, दाणे सुपात टाकले.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “दवाखान्यातल्या बाईनं तिसऱ्या दिशीच सांगितलं हुतं.”

“मग बोलली का न्हाईस?”

“बोलले असते तर तुमी परत गाडीला हात लावला असता व्हय? मला आंधळीला घिऊन घरात बसला असता. दोघं मिळून काय केलं असतं आपण?”

नागोजी खांबाशीच खाली बसला आणि दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून रडला. मी दुसरीकडे बघितलं. मनुबाई शेंगा सोलत राहिली, पण आता बोटं हळू चालत होती. त्याचं रडणं थांबल्यावर तिनं सूप बाजूला सारलं.

“गाडी दारातच हाय न्हवं? नऊ वरसांत एकदाबी जवळ न्हेलं न्हाय मला. चला, दावा.”

त्यानं तिचा हात धरून तिला पायऱ्या उतरवल्या. मी ओसरीवरच थांबले. झेंडूच्या वासाच्या रोखानं तिनं बॉनेटकडे हात नेला, तसा त्यानं तो मनगटाशी अलगद धरला.

“तितं नको, तापलंय,” तो म्हणाला, आणि तिचा तळवा बाजूच्या गार मडगार्डवर नेऊन ठेवला.