पालथ्या पातेल्यांचा फोटो

रघूत्तम गळ्यात दोन कॅमेरे अडकवून नजरबाद मोहल्ल्याच्या गल्लीत शिरला, तेव्हा अंबुबाई शिलाई मशीन झाकून उंबऱ्यावर टेकल्या होत्या. मागे थंड शेगडी, घासून पालथी घातलेली पातेली.

"मावशी, सकाळपासून काही खाल्लंत?"

"पाणीसुद्धा नाही रे."

पोरगा मराठी घरातला, विठ्ठलाच्या भजनाला बाप टाळ वाजवणारा. आज निर्जळी एकादशी, चूल पेटायची नाही, हे याला वेगळं काय सांगायचं, असं वाटून बाई गप्प बसल्या. तिथंच चुकलं. शहाण्यानं पालथी पातेली टिपली, बाईंचं सुकलेलं तोंड टिपलं आणि निघून गेला.

त्याच्या साप्ताहिकात अर्धं पान फोटो आला. खाली ठळक अक्षरात: 'विझलेली शेगडी, उपाशी शिंपीण.'

"अय्यो! मला भिकारीण करून टाकलं की मेल्यानं!" अंबुबाई कपाळ बडवत राहिल्या.

संध्याकाळी तुंगाबाई आल्या. लेकीच्या लग्नाची रेशमी साडी त्यांनी ब्लाउजसाठी दिली होती. नजर चुकवत म्हणाल्या, "तुमचे असे हाल, तुम्हाला कुठे त्रास देऊ?" साडी उचलली आणि तांदळाची पिशवी ठेवून गेल्या. उपाशी बाई रेशीम विकून खाईल, ही भीती तोंडावर लिहिलेली होती. शिंप्याच्या घरून न शिवलेलं कापड परत जाणं म्हणजे तोंडात मारणंच. मग एकेक करून बाकीच्याही आल्या. कापडं गेली, पिशव्या आल्या, मशीन बंद पडलं.

अंबुबाईंनी रघूत्तमला फोन लावला. "अरे, एकादशी होती ती! चूक झाली म्हणून छाप."

"मावशी, जे दिसलं ते मी टिपलं. फोटो खोटं बोलत नाही. आणि रिस्पॉन्स किती भारी आलाय, बघा तरी!"

"बरं बाबा," अंबुबाई गोड आवाजात म्हणाल्या. "पुढच्या द्वादशीला सकाळी पारण्याला ये. कॅमेरा आण."

आला. केळीच्या पानावर हादग्याच्या पाल्याची भाजी, सार, भात, वाफाळतं पायस. "काढ फोटो," अंबुबाई म्हणाल्या.

"यात स्टोरी नाही हो मावशी." कॅमेरा बाजूला सारून गरिबांचा कैवारी पानावर तुटून पडला. पायस पुन्हा हवं म्हणून त्यानं वाटी पुढे केली. गाल फुगलेले, हनुवटीवर ओघळ. अंबुबाईंनी आपला मोबाइल उचलला आणि टिपलं. दुपारी गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर तो फोटो झळकला: 'दोन दिवस उपाशी होता बिचारा. वाटी घेऊन आला, पोटभर वाढलं.'

तासाभरात फोन. "मावशी, काढून टाका! ऑफिसात सगळे हसताहेत. मला तुम्हीच बोलावलं होतं, लोकांचा गैरसमज होतोय!"

"फोटो खोटं बोलत नाही रे बाळा. तू आधी छाप, मग मी काढते."

पुढच्या अंकात, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत का होईना, छापून आलं: त्या दिवशी एकादशीचा उपवास होता.

दुसऱ्या दिवशी तुंगाबाई हजर. "अहो, मला वाटलंच होतं काहीतरी घोळ आहे," म्हणत त्यांनी साडी पुढे केली.

अंबुबाईंनी साडीला हात लावला नाही. गळ्यात टेप अडकवली आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"आधी तुमचे तांदूळ उचला. मग ब्लाउजचं बोलू."