तीस डिसेंबरचं गाणं

मासेलिनानं संगणकाच्या पडद्यावरचा बाण ‘पुसून टाका’ या बटणावर नेऊन ठेवला आणि ओसरीकडे मान वळवली. तिचा नवरा इओसेफो तिच्याकडे पाठ करून नारळ खवत बसला होता.

“म्हाताऱ्या, तुझ्या या डिस्कमध्ये रग्बीच्या किती मॅच आहेत?”

“असतील दोनशे.”

“सगळ्या पुसल्या जातील.”

“जाऊ देत. निम्म्या आपण हरलोय, उरलेल्या निम्म्या रेफ्रीच्या कृपेनं जिंकलोय.”

तिनं बटण दाबलं. मॅच चालू असताना दारात आलेल्या पास्टरनाही ‘जरा बसा’ म्हणणारा हा माणूस. आज ती नुसतं ‘तुझी डिस्क लागेल’ म्हणाली, तर कशाला म्हणून न विचारता त्यानं ती काढून दिली. एरवी तिला संशय आला असता. आज संशय घ्यायलाही वेळ नव्हता.

सकाळचे दहा वाजले होते. संध्याकाळी सहाला शाळेच्या हॉलमध्ये ‘महिला समितीची सभा’ होती. सभा कसली, तालीम होती. गावच्या चर्चच्या गायकवृंदापुढे एक्केचाळीस वर्षं उभा राहून हात हलवणारा इओसेफो येत्या रविवारी निवृत्त होणार होता. शेवटची प्रार्थना आटोपून तो खाली बसला की अठ्ठावीस जणांनी उभं राहायचं आणि खास त्याच्यासाठी रचलेलं गाणं म्हणायचं, असं त्याच्या चोरून ठरलं होतं. गाणं मासेलिनाचं. रचलं होतं त्याच्या साठाव्या वाढदिवसासाठी. तो आता त्र्याहत्तर वर्षांचा होता, आणि ते अजून कुणी म्हटलेलं नव्हतं. छापलेले कागद एका वादळात छपराबरोबर गेले. उरली ती एकच प्रत, या जुन्या मशीनमध्ये.

आणि नेमकं मशीन आजारी. ते रडतखडत सुरू व्हायचं, पण सुरावटी लिहायचा प्रोग्रॅम उघडला की मान टाकायचं. आतली डिस्क नेमकी तिथेच सडली होती. प्रोग्रॅमची सीडी शाबूत होती, पण नवी मशीनं तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. ऑकलंडला संगणक दुरुस्त करणाऱ्या तिच्या भाच्यानं, तासीनं, तोडगा काढला होता. जुनीच सिस्टीम बाहेरच्या डिस्कवर नव्यानं घालायची आणि मशीन त्या डिस्कवरून सुरू करायचं. सकाळपासून तो कोकोच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून तिच्याकडे पाहत होता.

“पुसून झाली,” मासेलिना म्हणाली. “पण ते म्हणतंय, या डिस्कवर घालता येणार नाही. पिवळा त्रिकोण आलाय.”

“मावशी, एकाखाली एक दोन नावं दिसतात ना? तू कुठलं धरून पुसलंस?”

“खालचं.”

“म्हणजे नुसती खोली झाडलीस. मला घर पाडून नवं बांधायला हवंय. वरचं नाव धर आणि सबंध डिस्क पूस.”

“हे आधी सांगायला तुझं काय जात होतं?”

“आधी सांगितलेलं तू ऐकतेस होय?”

तिनं वरचं नाव धरून पुन्हा पुसलं. त्रिकोण गेला. पट्टी सरकू लागली, थोडी पुढे गेली आणि थांबली. पडद्यावर ओळ उमटली: सिस्टीमची ही प्रत खराब झाली आहे.

तेवढ्यात इओसेफो पाणी प्यायला आत आला. तिनं खुर्चीवरचा लावालावा, कमरेला गुंडाळायचं कापड, ओढून पडद्यावर टाकला आणि तो बाहेर जाईपर्यंत उगाचच नखं पाहत बसली. तेरा वर्षं ती हेच करत आली होती. त्यानं एकदाही ‘काय लपवतेस’ म्हणून विचारलं नव्हतं. पुरुषांना कसली चौकशीच नसते, असं तिचं मत झालं होतं.

“प्रत खराब नाही गं,” तासी हळूच म्हणाला. “तिच्यावर सहीशिक्का असतो, त्याची मुदत उलटलीय. मशीनचं घड्याळ मागे ने. ही प्रत नवीकोरी आहे, असं त्याला वाटलं पाहिजे. पण आधी इंटरनेट तोड, नाहीतर ते आपल्या मनानं आजची तारीख लावून घेईल.”

“म्हणजे मशीनशी खोटं बोलायचं.”

“पास्टरना सांगू नकोस म्हणजे झालं.”

“किती मागे नेऊ?”

“दोन हजार अकराचा शेवट धर. कुठलीही तारीख चालेल.”

कुठलीही म्हटल्यावर मासेलिनाला विचार करावा लागला नाही. तिनं डिसेंबर काढला आणि तीसवर टिचकी मारली. मशीन जरा थबकलं आणि एकतीसवर जाऊन उभं राहिलं. तिनं पुन्हा तीस दाबलं. पुन्हा एकतीस. आकडे टाइप करून पाहिले, तरी एकतीस.

“तासी, हे तीस तारीख घेतच नाही. कॅलेंडरही सडलं वाटतं.”

फोनमध्ये तासी हसायला लागला तो थांबेना.

“मावशी, तुझ्या मशीनला ठाऊक आहे, ते सामोआत राहतं. आमच्याकडे ऑकलंडला ती तारीख झाली. तुमच्याकडे कुठे उगवली होती?”

मासेलिनानं कपाळाला हात लावला. त्या तारखेनंच तर सगळा घोळ केला होता. त्या वर्षी सरकारनं देश तारीखरेषेच्या पलीकडे नेला, आणि गुरुवारी एकोणतीसला झोपलेली माणसं उठली ती शनिवारी एकतीसला. मधला शुक्रवार आलाच नाही. महिनोन्महिने रेडिओवर सांगत होते. मासेलिनानंही ऐकलं होतं, मान डोलावली होती, आणि तरीही नवऱ्याच्या साठीचं जेवण ‘नेहमीप्रमाणे तीसला’ म्हणून डुक्कर सांगून, गायकवृंदाला वेळ देऊन मोकळी झाली होती. लग्न झाल्यापासून पाळलेली तारीख कुणी उचलून नेईल, हे मनाला पटायचं कसं? मग तिनं एकतीस सुचवली, तर इओसेफो हटून बसला. “माझी साठी सरकारनं रद्द केली. मी अजून एकोणसाठचाच.” गाव पोट धरून हसलं. पुढच्या वर्षी करू म्हणता म्हणता वरच्या पट्टीत गाणाऱ्या दोघी ऑकलंडला गेल्या, एक सिडनीला, आणि गाणं राहून गेलं.

मासेलिनाही तेव्हा हसली होती. पण ते रचायला तिला नऊ महिने लागले होते. जे तिला त्याच्यापाशी कधी तोंडानं बोलता आलं नव्हतं, ते सगळं तिनं त्यात घातलं होतं. ते न म्हटलेलं गाणं तिला अजून सलत होतं.

“एकोणतीस लाव,” तासी म्हणाला. “ती झाली होती.”

एकोणतीस मशीननं मुकाट्यानं घेतली. या खेपेला पट्टी थांबली नाही. चौतीस मिनिटं लागतील, असं दिसलं. इओसेफो गरम कोको घेऊन आला, आणि लावालावा टाकायचं ती साफ विसरली. पडद्यावर पट्टी आणि कोपऱ्यातली तारीख, यापलीकडे काही नव्हतंच म्हणा.

“गुरुवार, एकोणतीस डिसेंबर, दोन हजार अकरा,” त्यानं सावकाश वाचलं. “छान. म्हणजे उद्या माझा वाढदिवस.”

“उद्या तुझा वाढदिवस नाही, म्हाताऱ्या. मुळात उद्याच नाही.”

“तेही खरंच,” म्हणत त्यानं कप ठेवला आणि तो नारळाकडे परतला.

मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि जित्याची खोड म्हणतात तसं सरळ आपल्या सडक्या डिस्ककडेच गेलं. तासीच्या सांगण्यावरून मासेलिनानं ते पुन्हा बंद केलं आणि सुरू करताना एक बटण अंगठ्यानं दाबून धरलं. अंगठा दुखायला लागला तेव्हा पडद्यावर दोन डिस्कची चित्रं आली. तिनं दुसरी निवडली. स्वच्छ, रिकामा, निळा पडदा उघडला. तिला नाचावंसं वाटलं, आणि बसल्या बसल्या खांदे हलवून ती थोडंसं नाचलीही.

सीडी चालली. प्रोग्रॅम उघडला. जुन्या डिस्कवरून गाणं आणलं तेव्हा दोन वाजले होते. वरचे तीन आवाज जसेच्या तसे होते. चौथी ओळ, पुरुषांच्या खर्जाची, पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत कोरी होती.

“तासी, खर्ज नाही आला.”

“तेवढा भाग सडला असणार,” तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. “तो नाही परत येणार, मावशी.”

बाकी सगळं तिच्या ओठांवर होतं. खर्ज नव्हता. तो तिनं सूर मोजून मोजून बसवला होता, आणि संध्याकाळी त्याशिवाय आठ बाप्ये हॉलमध्ये नुसते उभे राहणार होते. खाली काय होतं, ते आठवावं म्हणून तिनं वरची चाल बारीक आवाजात गुणगुणायला घेतली. पहिली ओळ झाली. दुसरीला तिच्या आवाजाखाली दुसरा आवाज आला.

तो ओसरीवरून येत होता. मोठा नव्हता, पण सूर नेमके होते आणि शब्दही होते. मासेलिना थांबली. आवाज थांबला नाही. त्यानं कडवं पुरं केलं.

इओसेफो दारात येऊन उभा राहिला. हात कोपरापर्यंत नारळानं पांढरे झाले होते.

“तुला हे कसं येतं?”

“पासवर्ड माझी जन्मतारीख आहे, म्हातारे. फार डोकं चालवावं लागलं नाही.”

“केव्हा पाहिलंस?”

“साठी हुकली, त्याच्या पुढच्याच जानेवारीत.” तो हात पुसत राहिला. “एकतीसला मी हट्ट धरला, तेव्हा गाणं आहे हे मला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा उशीर झाला होता.”

“आणि तेरा वर्षं बोलला नाहीस?”

“माझ्यासाठीचं गाणं ते. तुम्ही म्हणायचं, मी ऐकायचं. मीच कसं मागू?”

फोनमध्ये तासीनं घसा खाकरला. गिऱ्हाईक आलंय म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मासेलिनानं दुसरी खुर्ची ओढली. तो एकेक ओळ म्हणायचा, ती एकेक ओळ घालायची. तिसऱ्या कडव्यात तिचे हात थांबले.

“इथे मी ‘ला’ हा सूर लिहिला नव्हता.”

“नव्हतासच. चुकलं होतं तुझं. मी सुधारलंय.”

“निवृत्त होतोयस ना तू?”

“रविवारी. आज शुक्रवार आहे.”

पाच वाजता शेवटचा कागद छापून बाहेर आला. तिनं गठ्ठा सारखा केला आणि तो मांडीवर घेऊन बसली.

“म्हणजे रविवारी तुला सगळं आधीच माहीत असणार. मजाच गेली.”

“जायला काय झालं? तुम्ही उभे राहिलात की मी चकित होणार आहे. तेरा वर्षं तालीम केलीय त्याची.”

“दाखव बघू.”

त्यानं भुवया वर नेल्या, तोंड उघडलं. पण चेहरा काही जमेना. ओठ नुसते थरथरत राहिले आणि डोळे भरून आले. त्यानं दुसऱ्यांदा करून पाहिलं, तरी तेच.

“असू दे,” मासेलिना म्हणाली. “असंच कर रविवारी.”

आणि कागद उराशी धरून ती सभेला निघाली.