सपाटीचं काम

क्षिप्राने घोड्याला दोन्ही टाचा हलकेच लावल्या, मग जरा जोराने लावल्या. पारा हलला नाही. लगाम सैल होता, मान सरळ होती, कान पुढे फाटकाकडे लागलेले. पाय मात्र मातीत रोवून बसवल्यासारखे. तिने जिभेने चुचकारलं, अंग पुढे झुकवलं, शेवटी उतरून लगाम धरून ओढूनही पाहिलं. घोडा तिच्याकडे बघायलासुद्धा तयार नव्हता.

मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत गोपीनाथ बसला होता. मैदान म्हणजे त्याच्याच भातशेतीचा उरलेला तुकडा. बाकीच्या शेतावर टॉवर उभे राहिले होते आणि त्यांच्या बाल्कन्यांतून डोंबिवलीजवळच्या ह्या मानपाड्यात नव्याने राहायला आलेली माणसं चहा पीत पीत हा तमाशा रोज बघत होती. फुकटची करमणूक कोणाला नको असते!

"दांडा लावू का?" गोपीनाथने विचारलं. "दांड्यावरून जातो तो."

"माहितेय काका. पण लावा एकदा. निदान पाय तरी मोकळे होतील त्याचे."

गोपीनाथने दोन पिंपांवर बांबू आडवा ठेवला. क्षिप्रा पुन्हा वर बसली. बांबू दिसताच घोड्याच्या अंगात वारं भरलं. चार ढांगा, आणि तो बांबूवरून असा गेला की मधे अजून एखादं पिंप ठेवलं असतं तरी त्याला फरक पडला नसता. वरच्या एका बाल्कनीतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पलीकडे उतरून तो थोडा धावला, आणि मैदानाच्या मध्यावर, त्याच त्या जागी, पुन्हा थांबला. इथेच घोडं पेंड खात होतं.

ठाण्याला घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला क्षिप्राची घोडेस्वारीची छोटी शाळा होती. तिच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बरीचशी अशी होती, की ज्यांना स्वतःच्या पायांवर धड चालता येत नाही. घोडा संथ, एका लयीत चालला की वर बसलेल्या मुलाच्या कमरेला ती लय कळत जाते. त्यासाठी तिला घोडा हवा होता. उड्या मारणारा नको, नुसता चालणारा. सरळ चालायचं, गोल चालायचं, सांगितलं की थांबायचं. ह्याला ती सपाटीचं काम म्हणायची.

"घोऱ्याला चालायला काय शिकवायचं?" पहिल्या दिवशी गोपीनाथने विचारलं होतं.

त्याचं उत्तर क्षिप्राला अजून सापडलं नव्हतं. आणि रविवारी काळुराम येणार होता. कल्याणचा काळुराम वरातीचे घोडे ठेवायचा. तो येऊन पाराचे दात बघून गेला होता. "मॅडम, आपल्या लायनीत चालावं लागत नाय, नाचावं लागतं," असं सांगून हसलाही होता. पाराला डीजेच्या भिंतीपुढे मे महिनाभर उभं केलेलं क्षिप्राला डोळ्यांसमोर दिसत होतं. रविवारपर्यंत तो सपाटीवर चालला तर ठाण्याला, नाही तर कल्याणला, असं गोपीनाथने सांगून टाकलं होतं. ते सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं.

घोडा हर्षितचा. हर्षित म्हणजे गोपीनाथ आणि आवडाबाईचा एकुलता एक मुलगा. शर्यतीतून बाद झालेला हा घोडा त्याने घरी आणला आणि मोबाइलवर बघून बघून त्याला उड्या शिकवल्या. होळीच्या आठवड्यात हर्षित मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्यानंतर गोपीनाथने एकेक करून सगळं देऊन टाकलं. शर्ट भाच्याला, बूट वॉचमनला, हेल्मेट कोणाला दिलं ते त्याला आठवतही नव्हतं. देताना काहीच वाटलं नाही. वाटायला हवं, एवढं कळत होतं, आणि रात्री कूस बदलताना त्याला त्या न वाटण्याचीच भीती वाटायची. आता घोडा तेवढा राहिला होता.

फोनवर गोपीनाथ आता फक्त "हां" म्हणायचा. बापलेकांचा आवाज सारखा, अगदी नातेवाईकही फसत. तेराव्यानंतर कोणीतरी बँकेतून फोन केला होता, गोपीनाथ "हॅलो" म्हणाला, आणि पलीकडची मुलगी आनंदाने "हर्षित सर ना?" म्हणाली. तेव्हापासून हॅलो बंद.

बांबूवरची उडी झाल्यावर क्षिप्राने गुळाचा खडा काढला. उतरून, खडा मुठीत धरून ती पाराच्या पुढे पुढे चालली, आणि काय आश्चर्य, पारा हलला. आधी मान, मग एक पाय, मग दुसरा. नाखुशीने का होईना, त्याने मैदानाला अर्धा फेरा घातला. गोपीनाथ खुर्चीत जरा सरळ बसला.

"च्या घ्या गो बाय," ओटीवरून आवडाबाईने हाक मारली.

क्षिप्राने घोड्याच्या मानेवर थाप दिली. लगाम त्याच्या गळ्यावर टाकला.

"शहाणा माझा. थांब हं, येते," असं म्हणून ती चहाला गेली.

चहा पिऊन आली तेव्हा पारा जिथे सोडला तिथेच उभा होता. तिने गूळ दाखवला. त्याने हुंगलाही नाही. ती वर बसली, उतरली, दोन्ही खिशांतला गूळ संपला. सगळं मुसळ केरात. क्षिप्रा तशी चिडणारी बाई नव्हती, पण तिने हातातली काठी जमिनीवर आपटली.

आवडाबाई ओटीच्या पायरीवर उभी होती. पदराचं टोक तिने हातात धरलं होतं.

"तुमी त्याला येते म्हनून सांगलं काय?"

"हो. चहाला आले तेव्हा."

"तसं नाय सांगायचं त्याला."

"मग काय सांगायचं काकू? जाते म्हणू?"

जाते असं कोणी म्हणत नाही. क्षिप्राच्या घरात नाही, आवडाबाईच्या तर नाहीच. दाराबाहेर पडणारा माणूस येतो म्हणूनच पडतो, आणि मुक्या जनावरालाही आपण तेच सांगतो. क्षिप्राने गेले कित्येक दिवस, दर वेळी घोडा सोडताना, पाराला तेच सांगितलं होतं.

आवडाबाई पायरीवर बसली. मुलाबद्दल ती घरात बोलत नसे. आता बोलली ती जमिनीकडे बघत.

"हर्षितनी तसा शिकवलेला त्याला. उऱ्या मारून झाल्या की याला हितं मधे उभा करायचा, येतो रे म्हनायचा आनि पानी प्यायला यायचा. तवर यो हालायचा नाय. मंग परत जाऊन आलो रे म्हनला, की दोघं चालायचे. घाम सुकंपर्यंत गोल गोल." ती थांबली. "त्या दिवशी बी येतो रे म्हनूनच गेला."

खोगिराचा तुटलेला पट्टा शिवून घ्यायला हर्षित डोंबिवलीत निघाला होता. अर्ध्या तासाचं काम. मग सगळी माणसं हॉस्पिटलात धावली आणि मैदानाकडे कोणी बघितलं नाही. अंधार पडल्यावर शेजारचा सुदेश आला, तर घोडा मध्यावर उभा, पाण्यावाचून. चौघांनी मिळून त्याला ओढत तबेल्यात नेला. सगळे म्हणाले, घोडा बिघडला.

"काकू, हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोनी विचारलं नाय," आवडाबाई म्हणाली आणि भाकऱ्या राहिल्यात म्हणून आत गेली.

क्षिप्रा पाराजवळ गेली. "आले रे," ती म्हणाली. मग "आलो रे" म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी घोड्याचा एक कान वळला. त्याने तिच्या डोक्यावरून फाटकाकडे पाहिलं, आणि कान पुन्हा होता तिथे गेला.

ती वळून गोपीनाथकडे बघू लागली.

"मी नाय," गोपीनाथ म्हणाला.

"काका, एकदाच."

"त्याचा नाव घेऊन खोटा बोलू? मुक्या जनावराशी?"

"तो अजून वाट बघतोय, काका. कल्याणला गेला तरी बघत राहील. भर वरातीत, रस्त्याच्या मधे उभा राहील, आणि मग ते लोक त्याला मारतील."

गोपीनाथ बराच वेळ खुर्चीच्या हातावर अंगठा घासत बसला. वर बाल्कनीत कोणीतरी वाळत घातलेली चादर झटकली. मग तो उठला. क्षिप्रा घोड्यावर चढून बसली आणि लगाम तिने सैल सोडला.

तो पाराच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. मुलगा गेल्यापासून इतक्या जवळ तो आला नव्हता.

"आयलू रं," तो म्हणाला.

घोड्याचे दोन्ही कान त्याच्याकडे वळले. नाकपुड्या फुलल्या. पाय हलले नाहीत.

गोपीनाथला कळलं काय चुकलं ते. हर्षित कधी आयलू म्हणत नसे. कॉलेजात गेल्यापासून त्याची बोली बदलली होती, आणि त्यावरून बाप त्याची टर उडवायचा. आलो रे म्हनं! मोठा आला पुन्याचा भट! तो तसाच्या तसा शब्द आता त्याला स्वतःच्या तोंडातून काढायचा होता. त्याने घसा साफ केला.

"आलो रे," तो म्हणाला.

पाराने मान खाली सोडली. एक लांब श्वास टाकला आणि चालू लागला.

गोपीनाथ त्याच्या खांद्याशेजारून चालत होता. घोड्याच्या पावलात पाऊल कसं पडत गेलं ते त्याचं त्यालाच समजलं नाही. वर क्षिप्रा कमरेने ती लय मोजत होती. एवढी समान, मऊ चाल तिच्या शाळेतल्या एकाही घोड्याची नव्हती. एक फेरा झाला. दुसरा झाला. गोपीनाथच्या छातीत काहीतरी दुखायला लागलं. चांगलंच दुखत होतं, आणि त्याने ते दुखू दिलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.

"आयलास? हातपाय धून ये रं बाला, भाकरी गरम हाय."

गोपीनाथला ती बाला म्हणत नसे. नवऱ्याला कोण म्हणतं? हाक मारून झाली आणि आतला भाकरी थापायचा आवाज थांबला. गोपीनाथ चालायचा थांबला, तसा घोडाही थांबला.

क्षिप्राला गप्प राहवेना. काहीतरी बोलायचं म्हणून ती हळूच म्हणाली, "काका, गाडी कधी आणू? तबेला तयार आहे. शनिवारी चालेल?"

गोपीनाथने तिच्या हातातला लगाम घेतला आणि घोड्याच्या गळ्यावर टाकला. पाराच्या कपाळावरून हात फिरवला.

"येतो रे," त्याने घोड्याला सांगितलं.

मग मोठ्याने, खिडकीला ऐकू जाईल असं, "आयलू, आयलू," म्हणत तो नळाकडे गेला.

पारा जागच्या जागी उभा राहिला, कान नळाकडे लावून. क्षिप्राने टाचा लावून पाहिल्या नाहीत. ती खाली उतरली, खोगीर सोडलं. गाडीचं तिने पुन्हा विचारलं नाही.