जिन्यावरचं जनावर

सकाळी अकराच्या चाचणी खेळाला चाळीस प्रेक्षक बोलावले होते. जग संपल्यावर उरलेल्या माणसांचा भयपट. दिग्दर्शक दादा आणि संकलक त्याची धाकटी बहीण. पहिला तासभर कुणी साधं खाकरलंही नाही. राखेनं भरलेल्या शाळेत एक आई मुलीला आवाज न करता रडायला शिकवते, तिथं पुढच्या रांगेतल्या बाईंनी तोंडावर हात दाबून धरला. बहिणीच्या जिवात जीव आला.

मग जिन्यावरून ते जनावर उतरलं. रबरी कातडं, लटलटणारे दात. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बघता बघता सगळं सभागृह खिदळायला लागलं. दादानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

बाहेर वितरकानं आडपडदा ठेवला नाही. "पहिला तास काळजाला हात घालतो हो. पण ते ध्यान दिसलं की केल्या कामावर पाणी! शुक्रवारपर्यंत काढा, नाहीतर माझा नाइलाज आहे."

संकलनाच्या खोलीत दादा म्हणाला, "अंधार वाढव. आवाज वाढव. काहीही कर, पण कापू नकोस."

"सगळं करून पाहिलं रे."

"त्याच्या आत ती आहे गं!"

हे बहिणीला ठाऊक नव्हतं का? ते कातडं वहिनीनंच शिवलं होतं. भाड्यानं आणलेला नट पहिल्याच दिवशी उकाड्यानं पळाला, तेव्हा वहिनी स्वतः आत शिरली. चित्रीकरण संपलं आणि दोन महिन्यांत ती आजारानं गेली. कॅमेऱ्याचा तिला भारी कंटाळा. तिचं हलतंचालतं असं एवढंच मागे राहिलेलं.

"दादा, लोक वहिनीवर हसले," बहीण कशीबशी म्हणाली. "पुन्हा हसू द्यायचं त्यांना?"

दादानं खुर्ची मागे सारली. "काप," म्हणाला आणि तडक बाहेर गेला.

जिना उतरताना वहिनी नेहमी डावा पाय आधी टाकायची. पडद्यावर तो डावा पाय दिसला की बहिणीचा हात थबकायचा. अकरा मिनिटं कापायला तिला दोन दिवस लागले.

शुक्रवारी चित्रपट पुन्हा दाखवला तेव्हा कुणी हसलं नाही. वितरकानं होकार दिला. एक प्रेक्षक मात्र म्हणाला, "सुरुवात जबरदस्त. पण शेवटी ती माणसं घाबरून पळतात कशाला, तेच कळलं नाही."

बहिणीनं वळून पाहिलं तर दादाची खुर्ची रिकामी. तो बाहेर पायरीवर बसला होता.

"घेतला त्यांनी," ती म्हणाली.

"बरं झालं." त्यानं हात पुढे केला. "कापलेलं दे."

तिनं पिशवीतून हार्डडिस्क काढून दिली. ती मुठीत घट्ट धरून तो म्हणाला, "तू जा आत. लोक विचारतील."

ती गेली नाही. शेजारी बसून राहिली.