एका गंजात शिजलेली पुस्तिका

मी एक जुनी कच्ची प्रत आहे. पुस्तिका छापण्याआधी मजकूर आणि चित्रे नीट बसतात का, हे पाहायला जी एकच प्रत हाताने तयार करतात, ती मी. माझ्या चोवीस पानांपैकी अकरा पानांवर लाल पेनाने काट मारलेली आहे आणि एका पानावर वरणाचा डाग आहे. मित्रांनो, हे मी लाजून नाही, मिरवून सांगते आहे.

भिलाईच्या एका कॉलेजने 'कमी खर्चात निरोगी राहा' अशी विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढायचे ठरवले आणि काम दामिनीकडे आले. दामिनीचे अक्षर सुंदर, चित्रे त्याहून सुंदर. तिने मला सुईदोऱ्याने शिवले. माझ्या पानांवर लालचुटुक सफरचंदे, बदाम, ओट्सची वाटी आणि रंगीत सॅलड रंगवले. मी तर स्वतःवरच भाळले.

मग दामिनीने मला सेक्टर १० मध्ये नेले, तिच्या वर्गातल्या आम्रपालीकडे. आम्रपाली अहिवारा गावची. घरमालकीण मैनाबाईंच्या क्वार्टरमागच्या खोलीत ती एकटी राहायची. सकाळी चहा-टोस्ट, संध्याकाळी एकुलत्या एका गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळलेल्या नूडल्स, असे तिचे जेवण. नुकतीच ती वर्गात चक्कर येऊन पडली होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ. तिचे वडील चंपतभाऊ रेल्वेत ट्रॅकवर काम करायचे. त्यांनी फोनवर बजावले होते, "दोन महिन्यांत रक्त वाढलं नाई तर मी तुले घ्यायले येतो. शिक्षण गेलं उडत." माणूस कठोर नव्हता, घाबरला होता.

आम्रपालीने मला शेवटपर्यंत वाचले, अलगद मिटले आणि "छान हाये," म्हणाली. चेहरा मात्र उतरला. दारातल्या मैनाबाईंना ते दिसले.

"दामिनी, हे कोनासाठी करून राहिली तू?" त्या म्हणाल्या. "हिच्याकडं एक गंज हाये अन् एक शेगडी. हे सफरचंद, बदाम कुठून आनन ते?"

दामिनी खोलीभर बघत राहिली. "अरे यार, ये तो मैंने सोचा ही नहीं." मग तिने लाल पेन काढले आणि तीन आठवडे खपून रंगवलेल्या पानांवर स्वतःच काट मारली. मला फार लागले, खोटे कशाला सांगू?

त्या दिवसापासून एकच नियम झाला. आम्रपालीला त्या एका गंजात जे शिजवता येईल, तेवढेच माझ्यात राहील. मैनाबाईंच्या अंगणात मुनग्याचे, म्हणजे शेवग्याचे, झाड होते. शेंगा सगळे मागून नेत, पाला कुणी विचारत नसे.

"काकू, पाला घेऊ का?" आम्रपालीने विचारले.

"घे न माय. तसाबी केरात जाते तो."

तो पाला डाळ-तांदळात पडला, वर लिंबू पिळले गेले. नंतर भिजवलेले चणे आले, बाजारातली लाल भाजी, म्हणजे लाल माठ, आली. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी आम्रपाली चहाबरोबर घ्यायची. चहामुळे लोह अंगी लागत नाही, ही चूक दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दाखवली आणि दामिनीने ते माझ्या बाराव्या पानावर ठळक लिहिले. जे पदार्थ फसले, ते निमूट खोडले गेले. मी कुरूप होत गेले आणि खरी होत गेले.

दोन महिने सरले. चंपतभाऊ रिकामी बॅग घेऊनच आले. आम्रपालीने नवा रिपोर्ट पुढे ठेवला. साडेदहा. त्यांनी आकडा दोनदा वाचला. मग खाली बसून लेकीने वाढलेली पाल्याची खिचडी संपवली.

"मले बी सांग हे कसं करतेत," ते म्हणाले. "ड्युटीवर मी बी चहा-समोशावरच राह्यतो."

दामिनीने छापून आलेली कोरी, चकचकीत प्रत पुढे केली. त्यांनी ती चाळली, परत दिली आणि माझ्याकडे बोट दाखवले. "हे दे. हिच्यात माह्या पोरीनं शिजवलेलं हाये."

आणि पोरीचे सामान न्यायला आणलेल्या त्या बॅगेत मी एकटीच निघाले. एवढा मान कुठल्या छापील प्रतीला मिळाला असेल, सांगा.

मित्रांनो, माझी एखादी छापील बहीण तुमच्या हाती आली तर तिला कपाटात जपून ठेवू नका. तिला शेगडीजवळ ठेवा, डाग पडू द्या, आणि वेळेवर जेवा. तुमच्याही घरी कुणीतरी काळजीने बॅग काढून ठेवलेली असेल.