मनगटातलं चमचाभर पाणी

"परत चमचाभर! याला समुद्रात पाठवतोय की पोहे भिजवायला?" माझ्या मनगटाशी वाकून जोडणी करणारा अनंत पुटपुटला.

मी एक यांत्रिक हात आहे, मित्रांनो. वय फार नाही, पण इतक्यांदा खोलून पुन्हा जोडला गेलोय की जुना वाटू लागलोय. खोल समुद्रात जाणाऱ्या यानाला मला जोडायचं आणि तळाचे दगड-शिंपले मी अलगद उचलायचे, असं ठरलंय.

विश्रांतवाडीच्या एका लहान कारखान्यात मी जन्मलो. सत्यशीलाताईंनी मला कागदावर काढलं, मकसूदचाचांनी धातूतून घडवलं. चाचा नुसतं नख फिरवून केसाएवढा फरक सांगत. पाहुणे आले की मी कच्चं अंडं उचलून वाटीत ठेवी. टाळ्या पडत, आणि ताई चाचांकडे बोट दाखवत.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं पूजेत बसली, की दसऱ्यापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. मोजायची साधनंही झेंडूखाली गेली. धातू कातायच्या लेथवर माझं मनगट चढवलेलं होतं, म्हणून तो तेवढा पूजेतून सुटला. यान घेऊन जाणारं जहाज काही आमच्यासाठी थांबणार नव्हतं. सगळ्यांची पूजा कशी मोडायची, म्हणून चाचांनी पाणी अडवणारी रबरी रिंग बसायची खाच नखाच्या अंदाजानेच कापली.

तेव्हापासून खोल समुद्रासारखा दाब देणाऱ्या चाचणीच्या टाकीतून मला काढलं, की मनगटात पाणी. तीनदा रिंग बदलली.

"रबरच हलकं आलंय," ताई म्हणाल्या.

"तेल बदलून पाहू," अनंत म्हणाला.

खाच मोजायचं नाव कोणी काढेना. ती मोजायची म्हणजे चाचांचं नखच मोजायचं की! मला बोटं आहेत, तोंड नाही. असतं तरी बोललो असतो की नाही, देव जाणे.

मित्रांनो, मोठ्यांचा मान जरूर राखा, पण त्या मानाखाली गळती झाकू नका. खोल पाण्यात चमचाभर गळतीही पुरते. पाणी शिरून हात अडकला, तर यान त्याला तळाशी सोडून वर येतं.

सकाळी मला जहाजाकडे न्यायला ट्रक येणार होता. ताई मला खोक्यात ठेवायला लागल्या, पण त्यांचे हात रेंगाळले. चाचांनी चष्मा पुसला. फळीवरचं मापक उचललं, माझ्या खाचेला लावलं. एकदा. परत एकदा.

"ताई, ट्रक नको म्हणून कळवा," ते म्हणाले. "खाच जास्त खोल गेलीय, रिंग सैल बसतेय. माझ्याच हातून. नखाला आता पूर्वीसारखं कळत नाही."