एक पेला जास्तीचा

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायच्या द्राक्षरसाचे पेले मी भरते. एकतीस वर्षं झाली. अंगठ्याएवढे काचेचे पेले, लाकडी तबकं, एकेका तबकात चाळीस भोकं. मागच्या खोलीच्या दारातून मी डोकी मोजते. जितकी डोकी तितके पेले, आणि वर एक. हा वरचा पेला म्हणजे आमची जुनी रीत. ऐनवेळी कुणी आलंच, तर त्याच्यासाठी. म्हणून उपासना चालू असताना दार नुसतं लोटलेलं असतं, कडी नसते. एवढ्या वर्षांत तो पेला कुणी प्यायलं नाही. भरलेला परत येतो आणि मी तो मागच्या झाडाच्या मुळाशी ओतते. नव्या सुना म्हणतात, कशाला ही नासाडी? मी म्हणते, तुमच्या बापाचं काय जातंय?

हे सगळं सांगायला बसले ते माझ्या धाकट्या भावामुळे. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी सोळाची. त्याचं नाक मी पुसलं, गुडघे टेकायला त्याला मी शिकवलं. आज त्याच्या लाकडाच्या तीन वखारी आहेत. चर्चवरचं नवं छप्पर त्याने दिलंय, पुढच्या चार बाकांवरच्या मऊ गाद्याही त्यानेच. त्या गाद्यांवर कोण बसतं ते विचारू नका. यंदा पक्षाने त्याला उमेदवारी दिली, आणि पुढच्या चार बाकांवर एकेका छातीवर पक्षाचा पितळी बिल्ला दिसायला लागला. पाळकसाहेब काय बोलणार! डोक्यावर छप्पर त्याचंच. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.

बोलले ते एकटे सुतारदादा. प्रभुभोजनाचं मेज त्यांच्या हातचं, तबकंही त्यांचीच, आणि एका पैचीही मजुरी न घेता केलेली. ते दुसऱ्या पक्षाचे, हे सगळ्यांना ठाऊक. पण चर्चमध्ये त्यांनी कधी त्याचा चकार शब्द काढला नव्हता. मंडळीच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, “बिल्ले दारात काढून ठेवा की. देवासमोर बसायचं तर रिकाम्या छातीनं बसावं. माझा आहे तो मी घरी ठेवून येतो.” एवढंच बोलून बसले.

धाकटा घरी येऊन थयथयाट करायला लागला. “ताई, आमचा पक्ष म्हणजे देवाचं काम आहे. देवाने मला उगाच दिलंय का इतकं? हा म्हातारा भर सभेत माझी शोभा करतो! तूच सांग त्याला, निवडणूक होईपर्यंत चर्चकडे फिरकू नको म्हणावं. तुझं ऐकेल तो.”

आणि मी सांगितलं. होय, मीच. रविवारी सकाळी दारात उभी राहून म्हटलं, “सुतारदादा, थोडे दिवस नका येऊ. वाद वाढायला नको.” त्यांनी त्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “बरं, ताई,” म्हणाले आणि धुतलेला सदरा तसाच अंगावर घेऊन परत गेले.

त्याच दिवशी उपासना संपल्यावर धाकटा मागच्या खोलीत आला. “ताई, वय झालं तुझं. मला रिकामा पेला दिलास.”

“मी? एकतीस वर्षांत एक पेला चुकला नाही माझा.”

“ओठाला लावला तर कोरडा ठणठणीत. लोकांसमोर काय बोलणार? तसाच तोंडाला लावला.”

जास्तीचा पेला नेहमीसारखा भरलेला परत आला होता. मी तो झाडाशी ओतला. धाकट्याला म्हटलं, घाईगडबडीत राहिला असेल एखादा. मनातल्या मनात म्हटलं, राहणं शक्यच नाही.

पुढच्या रविवारी त्याला मागच्या खोलीत उभा केला आणि त्याच्या डोळ्यांदेखत प्रत्येक पेला काठोकाठ भरला. “बघितलंस? आता पुन्हा माझ्या वयाचं नाव काढशील तर थोबाड फोडीन.” तो हसला. तबक घेऊन मीच त्याच्यापाशी गेले. त्याने मधला पेला उचलला. लाल रस मी पाहिला हो, माझ्या डोळ्यांनी पाहिला. पेला तबकातून निघाला, छातीपर्यंत आला, आणि रस खाली खाली गेला. एक थेंब सांडला नाही. ओठाशी पोहोचेपर्यंत काचेच्या तळाला धूळ होती. कपाटात वर्षभर पडून असलेल्या भांड्यात असते तशी बारीक, करडी धूळ.

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. आई गेली त्या रात्री तो असाच बघत होता. मग त्याने तो पेला तोंडाला लावला आणि नीट, सावकाश गिळल्यासारखं केलं.

त्या आठवड्यात मला घास गोड लागला नाही. बिल्ला, वखारी, खुर्ची, सगळं चुलीत जाऊ दे, पण माझं पोर देवाच्या मेजावरून तहानलेलं उठत होतं. त्याच्यासाठी मी जन्मभर पेले भरले ना? देवाला काय हवंय ते मला कळलं होतं. न कळायला मी काय कुकुलं बाळ आहे?

शनिवारी त्याच्या घरी गेले. फोन, गाड्या, माणसं, पत्रकांचे गठ्ठे. त्याला स्वयंपाकघरात ओढून नेलं. “धाकट्या, उद्या सकाळी सुतारदादांच्या दुकानात जा. हाताला धरून त्यांना घेऊन ये आणि तुझ्या शेजारी बसव. मग बघ पेला भरतो की नाही.”

“उद्या? उद्या पक्षाचे मोठे साहेब येतायत चर्चमध्ये. फोटोवाले येतायत. आणि मी त्या म्हाताऱ्याला शेजारी बसवू? ताई, तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?”

“तुझ्या.”

“मग गप्प बस.” त्याने आवाज खाली आणला. “पेल्यात काय आहे ते कुणाला दिसतंय?”

रविवारी साहेब आले. त्यांच्या माणसांनी चर्चच्या दाराला आतून कडी घातली. मी म्हटलं, आमच्याकडे कडी घालत नाहीत. माणूस म्हणाला, “बाई, सुरक्षेचा प्रश्न आहे.” मी डोकी मोजली, पेले भरले, वर एक. तबकं फिरली. एरवी पेले उचलताना कुणी खोकतं, कुणाचं बाळ रडतं. त्या दिवशी पुढच्या चार बाकांवर हूं की चूं नाही. सगळ्यांनी एकदम पेले उचलले, सगळे गळे एकदम हलले, सगळ्यांनी एकदम ओठ पुसले. मी दारात उभी होते. माझ्या अंगावर काटा आला, कारण ओठ पुसताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अगदी नवरा बायकोकडेसुद्धा.

एरवी मी पेले बघत बसत नाही. गरम पाण्याच्या टोपात सगळे एकदम बुडवते. पण त्या दिवशी नळाला थेंब नव्हता. टाकीतलं पाणी साहेबांच्या गाड्या धुण्यात गेलं होतं. म्हणून एकेक पेला फडक्याने पुसायला घेतला. मागच्या बाकांवरून आलेल्या तबकात प्रत्येक पेल्याच्या तळाशी लाल ठिपका होता, असतो तसा. पुढच्या तबकात एकही नाही. चाळीसच्या चाळीस पेले कोरडे. फडकं फिरवलं तर करडं झालं.

म्हणजे सगळेच. प्रत्येकाला वाटलं असणार की फक्त आपलाच पेला कोरडा, आणि प्रत्येक जण मूग गिळून बसला.

तुम्ही म्हणाल, बाई, दुसऱ्यांचे पेले मोजतेस, तुझ्या पेल्याचं काय? सांगते. आता लपवून करू काय? माझा पेला मी सगळ्यांत शेवटी, मागच्या खोलीत घेते. सुतारदादांना दारातून परत पाठवलं त्या रविवारपासून तोही कोरडा होता. तीन रविवार मी एकटी, भिंतीकडे तोंड करून, खोटंखोटं गिळत होते. माझ्या छातीवर बिल्ला नव्हता, इतकाच काय तो फरक.

समोर जास्तीचा पेला होता, काठोकाठ भरलेला. झाडाकडे पाऊल वळेना. पुढे अजून साहेबांचे फोटो चालले होते. मी तो तळहातावर घेतला, दाराची कडी काढली आणि भर अकराच्या उन्हात रस्त्याने निघाले. लोक बघत होते. बघू देत.

सुतारदादा दुकानात होते, धुतलेला सदरा घालून. रंधा बाजूला पडलेला. नुसते स्टुलावर बसून होते.

“दादा, तुम्हाला परत पाठवणारी मी,” मी म्हटलं. “धाकट्याचं नाव नका घेऊ. जीभ माझी होती. माझं चुकलं.” रडूच आलं.

त्यांनी पेला घेतला, डोळे मिटले, निम्मा प्यायले. मग माझ्यापुढे धरला. ओठाला लावताना मी डोळे घट्ट मिटून घेतले. ओला होता. गोड होता. तीन आठवड्यांनी माझ्या घशाखाली काही उतरलं.

तळाशी एक घोट मी ठेवला. कुणासाठी ते सांगायला नको.

तेवढ्यात कर्णे वाजवत गाड्या आल्या. मधल्या गाडीत साहेबांशेजारी धाकटा. त्याने मला पाहिलं, विरोधी माणसाच्या उंबऱ्यावर, हातात चर्चचा पेला. गाडी थांबली, काच खाली आली. मी पेला उन्हात वर धरला. तळाशी लाल दिसत होतं.

“ये रे,” मी म्हटलं. “आहे अजून. उतर खाली.”

त्याचे ओठ फुटलेले होते. त्यावरून त्याने जीभ फिरवली. तीही कोरडी दिसली मला. त्याचा हात दाराच्या कडीवर गेला, हे मी पाहिलं, शपथेवर सांगते. मग आतून साहेब काहीतरी बोलले. धाकटा हसला आणि काच वर गेली.

तो निवडून आला. मोठ्या मतांनी. चर्चमध्ये अजून पुढच्याच बाकावर बसतो आणि पेला तोंडाला लावून छान गिळतो. सुतारदादा मागच्या बाकावर असतात. मी डोकी मोजते, वर एक भरते. तो पेला आता झाडाशी ओतत नाही. झाकण घालून धाकट्याच्या घरी नेते, आणि दर रविवारी त्याचा नोकर दारातूनच सांगतो की साहेबांना तहान नाही.